टिचकी मारायची राहिली

आमच्या कंपनीत माझे सासरे मला 'मॅडम' म्हणतात आणि मी त्यांना 'सर'. घरी ते मला 'अगं' म्हणतात आणि मी त्यांना 'बाबा'. हा नियम त्यांचाच. मी नोकरीला लागले त्या दिवशी बसमध्ये शेजारी बसून त्यांनी तो सांगितला आणि बसमधून उतरल्याबरोबर लागूही केला. माझी छत्री सीटवर राहिली होती. "मॅडम, तुमची छत्री," म्हणून माझ्या हातात दिली. लोक हसतात. हसोत बापडे. सासऱ्यांच्या हाताखाली नोकरी करायची म्हणजे लोकांच्या तोंडाला आयतं काम, त्यात एखादा नियम असलेला बरा.

आमची कंपनी रक्त साठवायच्या फ्रिजसाठी अलार्मचे बोर्ड बनवते. फ्रिज आतून गरम व्हायला लागला की बोर्डाने बोंब मारायची, एवढंच त्याचं काम. आतला सेन्सर तापमान सांगत असतो, पण इतक्या हळू आवाजात की पुढे कोणाला ऐकू जात नाही. तो आवाज मोठा करायला ऑप-अँप लागतो.

ऑप-अँप म्हणजे नखाएवढी चिप. तिला दोन कान आणि एक तोंड असतं असं समजा. एक कान अधिकचा, एक उण्याचा. दोन्ही कानांवर जे पडतं त्यातला फरक ती लाखपट करून बोलते. एवढी बडबड कोणाच्या कामाची नसते, म्हणून तिच्या तोंडातलं थोडं परत तिच्याच उण्याच्या कानात घालायचं. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू आलं की ती ताळ्यावर येते. तेच चुकून अधिकच्या कानात घातलं, तर ती स्वतःच्याच बोलण्याला दाद देत सुटते आणि आवाज छताला जाऊन चिकटतो, नाहीतर तळाला. अशी माणसंही असतात. आमच्या मीटिंगमध्ये दर सोमवारी भेटतात.

बोर्ड बनवण्याआधी आम्ही तो कॉम्प्युटरवर चालवून बघतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये खरी चिप नसते, चिपचं मॉडेल असतं, म्हणजे ती कशी वागेल हे सांगणारी समीकरणं. आणि पडद्यावर तिचं चित्र असतं: एक त्रिकोण, त्याला पाय, प्रत्येक पायाला नंबर. हे सॉफ्टवेअर अतिशय हुशार आहे आणि तितकंच भोळं. कान उलटे जोडले तरी ते कधी कधी अगदी बरोबर उत्तर काढून मोकळं होतं. पेन्सिल टोकावर उभी राहू शकते हे गणिताला मान्य आहे. टेबलाला नाही, पण सॉफ्टवेअरकडे टेबल नसतं.

म्हणून सरांनी टिचकी काढली. सर्किटला वीज एकदम द्यायची नाही, शून्यापासून बारीक पावलांनी चढवायची, आणि मध्येच सेन्सरच्या तारेला एक छोटासा धक्का द्यायचा. नीट जोडलेलं सर्किट दचकतं आणि जागेवर येतं. उलटं जोडलेलं जाऊन चिकटतं ते चिकटतंच. "शांत बसलेल्या सर्किटवर विश्वास ठेवायचा नाही, मॅडम," ते सांगायचे. "कोणी हात लावला नाही म्हणून ते शांत असतं." ज्याने आराखडा केला त्याने टिचकी मारायची नाही, हाही नियम, आपल्या लेकराला कोण जोरात मारतं? सगळ्यांच्या टिचक्या सर मारायचे आणि आराखड्याच्या कोपऱ्यात 'टि.' लिहून सही करायचे. सही पडली की बोर्ड कारखान्यात. पाठीमागे लोक त्यांना टिचकीसाहेब म्हणतात. मला सूनबाई म्हणतात, तिकडे मी कान देत नाही.

यंदा आमची नेहमीची चिप बाजारातून गेली आणि तिच्या जागी नवी आली. तिच्या उत्पादकाने दिलेलं मॉडेल आमच्या सॉफ्टवेअरला काही पचेना. दर वेळी अर्ध्यात थांबायचं आणि लाल अक्षरांत एकच रडगाणं: टाइम स्टेप टू स्मॉल. म्हणजे, मी पावलं कितीही लहान केली तरी पुढे जाता येत नाही, माझा नाद सोडा. मी सगळी सेटिंग्ज फिरवून बघितली, मॉडेल ओळीओळीने वाचलं, पायांचा क्रम जुळवला, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सरांनी स्वतःच त्या चिपचं साधंसं मॉडेल लिहिलं आणि त्याचा त्रिकोणही काढला. लाल अक्षरं गेली. आलेख असा आला, जणू इस्त्री करून ठेवलाय. कोपऱ्यात 'टि.' पडलं, सही पडली, आणि मी दोन नमुना बोर्ड बनवायला दिले.

पहिल्या बोर्डाला वीज दिली तर आवाज थेट छताला. सेन्सर बर्फात बुडवला तरी अलार्म ठणाणा करतोय. समोरच्या टेबलावरची सोल्डरवाली कानांत बोटं घालून म्हणाली, "बंद कर गं बाई ते, नाहीतर मी बंद पडेन." दुसरा बोर्ड तळाला चिकटला, तो गप्प. सेन्सर गरम चहाच्या कपाला टेकवला तरी गप्प. रडणारं पोर परवडलं, गप्प पडलेल्याची भीती वाटते. असा एक बोर्ड एखाद्या फ्रिजवर बसला असता तर आतलं रक्त नासून गेलं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता.

मी आधी चिपवर संशय घेतला, मग सोल्डरवर, मग स्वतःवर. चिप बदलली. सोल्डरवालीकडून सगळे जोड परत करून घेतले. ती माझ्यावर उखडली, आणि तिचं बरोबर होतं, जोडांत काही नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तेवढ्यात मॅनेजर येऊन उभे राहिले. त्यांना चिपमधलं कळत नाही, पण माणूस कुठे अडलाय ते बरोबर कळतं.

"उद्या दुपारपर्यंत सांग," ते म्हणाले. "चूक कुठली आणि कोणाची. सरांच्या सहीचे अजून बरेच आराखडे कारखान्यात जायला निघालेत. मॉडेलमध्ये काही असेल तर मला ते अडवावे लागतील. तुझं काही असेल तर तुझं तू निस्तर."

ते गेल्यावर मी नियम मोडला. माझ्याच आराखड्याला मीच टिचकी मारली. वीज शून्यापासून चढवली, तारेला धक्का दिला. रेघ एकदा थरथरली आणि वर जाऊन चिकटली. मग त्रिकोण मोठा करून पाहिला. अधिकच्या पायावर उण्याचा नंबर होता आणि उण्याच्या पायावर अधिकचा. मी जोडलं होतं ते चित्राप्रमाणे बरोबर होतं. चित्रच उलटं होतं.

चित्र काढताना हात कोणाचाही चुकतो. मी स्वतः एकदा ट्रान्झिस्टर उलटा काढून मोठ्या ऐटीत दाखवायला नेला होता. त्यासाठीच तर टिचकी आहे. पण एवढी ढळढळीत चूक टिचकीतून सुटणं शक्य नव्हतं. म्हणजे टिचकी मारलीच नव्हती. आणि कोपऱ्यात 'टि.' होतं, खाली सही होती.

मी सरांच्या काचेच्या केबिनच्या दारात गेले. "सर, माझ्या आराखड्याला टिचकी मारली होती ना?"

"न मारता सही करतो का मी, मॅडम?" ते म्हणाले. रागावून नाही, सहज. वर "खुर्ची घ्या" म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. बोलत असते तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग एकेक आठवायला लागलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, ते डोळ्यांसमोरच होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी आम्हाला स्टॉपपर्यंत सोडायला येतात आणि संध्याकाळी स्टॉपवर घ्यायला उभ्या असतात. व्यायाम म्हणून, असं सांगतात. आधी व्यायामाचं नाव काढलं तरी त्यांचा गुडघा दुखायचा. घरात कोणी आलं की त्या बाबांच्या डाव्या हाताला बसतात. परवा मामेसासरे आले होते. त्यांनी विचारलं, "काय भावजी, काल मॅच पाहिलीत ना? कोण जिंकलं?" बाबांनी मान डावीकडे वळवली. आई लगेच म्हणाल्या, "कुठली मॅच, त्यांना मध्येच डुलकी लागली." सगळे हसले, बाबाही हसले. त्यांनी शेवटचा चेंडूही चुकवला नव्हता, मी तिथेच होते.

माझा नवरा त्यांची वाक्यं पुरी करतो. मीही करते. गोष्ट सांगता सांगता ते थांबले की आम्ही तिघं एकदम पुढचा शब्द देतो, जसा काही तो आमच्या खिशातच असतो. घर कसं शांत चाललं होतं. कोणी हात लावत नव्हतं म्हणून.

त्या संध्याकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई मटार सोलत होत्या. मी समोर बसून चार शेंगा उचलल्या आणि बोर्डाचं सगळं सांगितलं. त्यांना ऑप-अँप कळत नाही. तिथून पुढचं मात्र सगळं कळलं.

"तुझी चूक म्हणून सांग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू काढलंस ते चित्र, असं सांग. तू नवी आहेस, तरुण आहेस. चार शब्द ऐकून घेशील, पुढच्या महिन्यात लोक विसरतील. त्यांचं नाव आलं तर त्यांना घरी बसवतील."

"आई, त्यांना डॉक्टरला दाखवायला हवं."

"डॉक्टर काय करतील? नाव ठेवतील. दुखण्याला एकदा नाव मिळालं की ते घरात राहायलाच येतं." त्यांनी एक शेंग अंगठ्याने फोडली. "तिथे सर आहेत म्हणून ते सकाळी उठून दाढी करतात, बूट पुसतात. इथे बसले तर माझ्या वाट्याला काय उरेल ते मला माहीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू उघडू नकोस."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आई."

"म्हणी तुलाच येतात का?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "मी काय आज झाकतेय? किल्ली, चष्मा, कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, सगळं मी बोलते. तू एक दिवस बोल ना तुझ्या ऑफिसात."

माझा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "आईचं बरोबर आहे," आणि थोडा थांबून, "म्हणजे तुझंही आहेच." दोन्ही डगरींवर हात ठेवण्यात हा पहिल्यापासून पटाईत. मी त्याला म्हटलं, "तू मटार सोल," आणि तो खरोखरच सोलायला बसला.

मला राग आला होता. आईंचा यायला हवा होता पण येईना, कारण त्या बोलताना वाटीतले दाणे मोजल्यासारख्या खाली बघत होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटतही होतं. चूक माझी म्हटली की सुंठीवाचून खोकला गेला. बाबा खुर्चीत राहतील, सकाळी दाढी करतील, आई स्टॉपवर येतील. फक्त त्या खुर्चीतून सह्या होत राहतील, आणि त्यातला एखादा बोर्ड गप्प बसेल. मला तो चहाच्या कपाला टेकलेला सेन्सर दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बस पुलाच्या अलीकडेच बंद पडली. टायर फाटल्याचा केवढा मोठा आवाज झाला. एक म्हातारी किंचाळली, ड्रायव्हर उतरून कपाळाला हात लावून उभा राहिला. पावसाची भुरभुर होती. आम्ही उरलेली वाट पायी निघालो, एका छत्रीत. बाबा मजेत होते. पुलाच्या कठड्याला त्यांनी टिचकी मारली आणि "आतून पोकळ आहे, मॅडम," म्हणाले. बसमधून उतरलो होतो, तेव्हा मी मॅडम झालेच होते. मी हसले. ऑफिसच्या दारात पोचलो तेव्हा दोघांच्या बुटांना चिखल होता.

ते केबिनमध्ये स्थिरावल्यावर मी आराखडा घेऊन गेले आणि दार लावून घेतलं.

"सर, याला एक टिचकी मारून द्याल?"

त्यांनी कोपरा पाहिला. "मारली आहे. सही आहे माझी."

"माझ्यासमोर मारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि माऊस हातात घेतला. बोटं झरझर चालली, कुठे अडखळली नाहीत. वीज चढवली, पावलं बारीक केली, तारेला धक्का दिला. रेघ थरथरली आणि वर जाऊन चिकटली.

"अधिक-उणे उलटं आहे," ते क्षणात म्हणाले. मला जे शोधायला अख्खा दिवस लागला होता. "त्रिकोण चुकलाय. कोणी काढला हा?"

"तुम्ही, सर."

त्यांनी त्रिकोण मोठा केला, नंबर पाहिले. बाहेर सोल्डरवाली कोणाशी तरी हसत होती, ते काचेतून ऐकू येत होतं.

"आणि टिचकी मारली नव्हती," ते म्हणाले.

"नाही."

"पण मला आठवतंय की मारली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, काड्या नीट मिटून.

"घरी माहीत आहे?"

"आईंना कधीपासूनच. आम्हाला... आम्हीही बघत होतोच."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. मोजमाप घेतल्यासारखं बोलले. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले.

"मार," ते म्हणाले.

"काय?"

"मला टिचकी मार. काहीतरी विचार. सोपं विचार, पण आजचं. आणि मदत करायची नाही, कळलं का तुला? धक्का दिला की हात काढून घ्यायचा असतो."

मला विचारावंसं वाटत नव्हतं. दार उघडून निघून जावं, चूक माझी म्हणून सांगावं, संध्याकाळी मटार सोलावेत, असं वाटलं. पण ते वाट बघत होते.

"आज सकाळी बसला काय झालं?" मी विचारलं.

ते विचार करू लागले. आधी सावकाश, मग भुवया जवळ आणून. त्यांच्या बुटांवरचा चिखल अजून ओला होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान डावीकडे वळवली.

तिथे फायलींचं कपाट होतं. ते त्या कपाटाकडे बघत राहिले. घरी एवढ्यात आम्ही तिघांनी उत्तर दिलं असतं. ते माझ्याही ओठांवर आलं होतं: टायर, पूल, छत्री, कठडा. मी दात आवळून बसले. एवढं अवघड काम मला या कंपनीत कोणी सांगितलेलं नाही.

"नाही येत," ते शेवटी म्हणाले.

"बाबा," मी म्हटलं.

"ऑफिसात सर म्हणायचं," ते म्हणाले. त्यांनी फोन उचलला आणि मॅनेजरांचा नंबर स्वतः फिरवला. "माझ्या सहीचे सगळे आराखडे थांबवा आणि परत मागवा," त्यांनी सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"नाही," ते म्हणाले, "आता टिचकी मॅडम मारतील."